आईला तिसरा सीटी: करावा की नाही?

प्रश्न कळव्याच्या एका ताईंचा आहे. थोडक्यात सांगतो. आई ६१ वर्षांची, मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. चार दिवसांपासून उजव्या कुशीत कळा येताहेत. सोनोग्राफीत उजव्या किडनीला सूज दिसली, पण अडलंय कुठे ते दिसलं नाही. युरॉलॉजिस्टने सीटी केयूबी, म्हणजे किडनी, मूत्रवाहिनी आणि मूत्राशयाचा सीटी, लिहून दिला. कोविडमध्ये, २०२१ साली, आईंचे दोन एचआरसीटी, म्हणजे छातीचे सीटी, होऊन गेलेत. आता मामा म्हणतात की तिसरा सीटी म्हणजे कॅन्सरला आवतण, त्यापेक्षा एमआरआय करा, त्यात रेडिएशन नसतं. त्यातच मोबाइलवर ‘फुल बॉडी स्कॅन’च्या पॅकेजची जाहिरात आली. एकदाच सगळं तपासून का घेऊ नये, असं ताईंना वाटतंय. शिवाय वहिनी गरोदर आहे, तिने सोबत जावं का?

आधी उत्तर, मग कारणं. सीटी करा. एमआरआय नको. पॅकेज तर नकोच नको. वहिनींनी खुशाल यावं, बाहेरच्या बाकावर बसावं. आणि मधल्या वेळात आईंना थंडी वाजून ताप आला तर हे पुढचं वाचत बसू नका, रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठा. अडलेल्या किडनीत जंतुसंसर्ग झाला तर तो काही तासांत रक्तात पसरू शकतो. अशा वेळी सीटीचा वाद घालायला सवड नसते.

मी गेली पंचवीस वर्षं ठाण्यात रिपोर्ट लिहितोय. रेडिओलॉजिस्टच्या टेबलावर पेशंटच्या आधी चिठ्ठी येते आणि त्या चिठ्ठीवरूनच मला निम्मं कळतं की ही तपासणी उपयोगाची ठरणार की वाया जाणार. कुणाच्या चिठ्ठीवर नुसतं ‘सीटी ॲब्डोमेन’ खरडलेलं असतं. तुमच्या डॉक्टरांनी मात्र लिहिलंय, ‘उजवीकडे किडनीला सूज, मूत्रवाहिनीत खडा आहे का, असल्यास कुठे व केवढा’. हा खरा प्रश्न झाला. याचं उत्तर आलं की उपचार बदलतात. चार मिलिमीटरचा खडा मूत्राशयाच्या तोंडाशी येऊन बसला असेल तर गोळ्या, पाणी आणि थोडी वाट पाहणं यावर बहुतेक वेळा भागतं. बारा मिलिमीटरचा वरच अडकला असेल तर दुर्बिणीची तयारी करावी लागते. खडा किती कठीण आहे त्याचाही अंदाज सीटीवर आकड्यात मिळतो. हा आकडा हजाराच्या वर गेला की बाहेरून लहरी मारून तो फोडण्याच्या भानगडीत युरॉलॉजिस्ट सहसा पडत नाहीत.

सोनोग्राफीवर हे का दिसलं नाही? सोनोग्राफी करणाऱ्याची त्यात काही चूक नाही. मूत्रवाहिनी साधारण २५ सेंटीमीटर लांब असते आणि तिचा मधला भाग आतड्यांच्या मागे दडलेला असतो. आतड्यात गॅस असतो, आणि ध्वनिलहरींना हवा ओलांडता येत नाही. वरचं टोक दिसतं, खालचं दिसतं, मधला पट्टा अंधारात. साध्या एक्स-रेवर युरिक ॲसिडचे खडे उमटतच नाहीत, आणि मधुमेहींमध्ये तसे खडे जास्त आढळतात. बिनडायच्या, म्हणजे शिरेतून आयोडीनचं औषध न देता काढलेल्या, सीटीवर मात्र जवळपास सगळ्या प्रकारचे खडे पांढरेशुभ्र दिसतात. टेबलावर चढण्या-उतरण्यात पाच मिनिटं जातील, किरण प्रत्यक्ष सुरू असतात ते काही सेकंद.

मामांचा एमआरआय इथे का नाही? एमआरआयचं चित्र मुख्यतः शरीरातल्या पाण्यावर आणि चरबीवर उमटतं. खड्यात पाणी नसतंच म्हटलं तरी चालेल. त्यामुळे तो चित्रात काळा ठिपका म्हणून दिसला तर दिसला. जास्त पैसे मोजून, वीस-पंचवीस मिनिटं त्या बोगद्यात झोपून तुम्हाला कळेल की किडनीला सूज आहे. ते सोनोग्राफीने आधीच सांगितलंय. तपासणीत रेडिएशन नाही एवढ्यावर ती आपल्या कामाची ठरत नाही.

आता भीतीकडे. ती मामांनी काही मनाने काढलेली नाही. एप्रिल-मे २०२१ मध्ये ठाण्यातल्या सीटी सेंटरांबाहेर सकाळपासून रांगा असायच्या. सरकारने दर बांधून दिले होते, मशीनप्रमाणे २०००, २५०० आणि ३००० रुपये. फुप्फुसं किती बिघडलीत याचा पंचवीसपैकी किती स्कोअर आला याची चर्चा दहावीच्या टक्क्यांसारखी चालायची, ‘आमचा आठ, शेजारच्या काकांचा चौदा’. कितीतरी जण डॉक्टरची चिठ्ठी नसताना यायचे. ताप येऊन एकच दिवस झालेला, फुप्फुसात काही दिसायची वेळसुद्धा झालेली नसायची. मग मे महिन्यात एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया म्हणाले की एक सीटी म्हणजे तीनशे-चारशे एक्स-रे. आमच्या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने लगेच खंडन केलं, हा हिशोब जुन्या मशीनचा आहे म्हणून. माझं स्वतःचं मत विचाराल तर आकडा जुना होता, पण विनाकारण सीटी करू नका हा सल्ला बरोबर होता. लोकांच्या डोक्यात नेमका आकडा तेवढा राहिला.

म्हणून दुसऱ्याचा आकडा न घेता आईंचाच काढू. २०२१ ची सीडी घरात कुठेतरी असेल. ती कॉम्प्युटरला लावा आणि प्रतिमांच्या सुरुवातीला किंवा शेवटी एक काळं पान शोधा, ज्यावर नुसते आकडे असतात. आम्ही त्याला डोस पेज म्हणतो. त्यात डीएलपी नावाच्या रकान्यात जो आकडा असेल त्याला, छातीचा सीटी असल्यास, ०.०१४ ने गुणा. समजा डीएलपी २८० आहे, तर उत्तर येतं ३.९ मिलिसिव्हर्ट. शरीराला मिळालेले किरण या मापात मोजतात. पोटासाठी ०.०१५ ने गुणायचं. आताचा केयूबी कमी डोसमध्ये काढला तर तोही तीन-चार मिलिसिव्हर्टच्या आतबाहेर बसावा. नेहमीच्या पूर्ण डोसच्या पोटाच्या सीटीला आठ-दहा लागतात. छातीच्या एका साध्या एक्स-रेला ०.१ किंवा त्याहून कमी. आणि काहीही न करता, जमिनीतून, हवेतून, अन्नातून, आकाशातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतातच. म्हणजे आईंचा केयूबी हा सुमारे दीड वर्षाच्या नैसर्गिक किरणोत्सर्गाइतका झाला. केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर वाळूत थोरियम आहे. तिथले लोक पिढ्यान् पिढ्या याच्या कितीतरी पट नैसर्गिक किरणोत्सर्गात राहतात, आणि तिथल्या मोठ्या पाहणीत कॅन्सरचं प्रमाण वाढलेलं आढळलं नाही.

मग धोका शून्य आहे का? नाही, आणि तसं सांगणाऱ्या सेंटरवाल्यावर विश्वास ठेवू नका. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या अभ्यासावरून जो हिशोब बांधलाय, त्यानुसार १० मिलिसिव्हर्टमुळे साधारण दोन हजारांत एकाला पुढे आयुष्यात कधीतरी जीवघेणा कॅन्सर होऊ शकतो. इतक्या कमी डोसला हे प्रत्यक्ष मोजता येत नाही, मोठ्या डोसवरून खाली आणलेला अंदाज आहे, पण सावधगिरी म्हणून आम्ही तोच धरून चालतो. आईंच्या चार मिलिसिव्हर्टला हा धोका पाच हजारांत एक, आणि वय ६१ असल्याने त्याहूनही कमी, कारण असे कॅन्सर उमटायला बहुधा दहा-वीस वर्षं लागतात. भारतात आज नऊपैकी एका माणसाला आयुष्यात कॅन्सर होण्याची शक्यता सांगितली जाते, एकही सीटी न काढता. दुसऱ्या पारड्यात अडलेली किडनी आहे. ती अशीच राहिली तर काही आठवड्यांत कायमची निकामी होऊ लागते, आणि मधुमेहात किडनी मुळातच नाजूक.

‘पण आधीचे दोन झालेत ना?’ हे मला रोज कुणीतरी विचारतं. आधीच्या दोनांचा जो काही धोका होता तो झाला, आजचा सीटी न काढल्याने तो कमी होणार नाही. आजच्या सीटीचा धोकाही आधीच्यांमुळे वाढत नाही. जुने सीटी मोजून आजचा गरजेचा सीटी टाळणं म्हणजे गेल्या महिन्यात जास्त खर्च झाला म्हणून या महिन्यात औषधं न आणणं.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. युरोपातल्या नऊ देशांत सुमारे दहा लाख मुला-तरुणांचा मागोवा घेतलेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. आजच्या डोसने सीटी काढलेल्या दहा हजार मुलांमागे पुढच्या बारा वर्षांत एका-दोघांना त्यापायी रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो, असा त्याचा निष्कर्ष. मुलाच्या पोटात दुखतंय म्हणून कुणी थेट सीटीसाठी आलं तर मी आधी सोनोग्राफीचा प्रोब हातात घेतो. मूल बारीक असतं, अपेंडिक्स बऱ्याचदा तिथेच दिसून जातं.

आईंच्या सीटीला डाय लागणार नाही. खड्यासाठी तो नकोच असतो, उलट डाय लघवीत उतरला की पांढऱ्यात पांढरा खडा हरवतो. पण बिनडायच्या सीटीत काही वेगळंच दिसलं आणि डॉक्टरांनी डाय द्यायचं ठरवलं तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी, ताजं हवं. तुम्ही १.४ लिहिलंय, त्यावरून आईंची किडनीची क्षमता ४३ च्या आसपास येते. तीसच्या वर असेल तर सहसा डाय देता येतो आणि मेटफॉर्मिनही थांबवावी लागत नाही. पण तो रिपोर्ट दोन महिन्यांपूर्वीचा, किडनी अडण्याआधीचा आहे. आज तो आकडा खरा धरता येणार नाही. पुन्हा रक्त द्या, आणि गोळी थांबवायची की नाही ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, माझ्या या उत्तरावरून थांबवू नका.

तुम्ही विचारलंय की आईला कोळंबी खाल्ली की अंगावर पित्त उठतं, मग डायमधलं आयोडीन चालेल का. आपल्या खाडीकाठच्या पट्ट्यात हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा येतो. कोळंबीची ॲलर्जी तिच्या प्रथिनाची असते, आयोडीनची नव्हे. तेवढ्यावरून डाय नाकारण्याचं कारण नाही. पूर्वी डाय घेतल्यावरच अंगावर गांधी उठल्या, घसा आवळला असं झालं असेल तर मात्र ते ओरडून सांगा, फॉर्मवर लिहा, सुई लावणाऱ्या सिस्टरलाही सांगा. गंभीर रिॲक्शन क्वचित येते, पण येते तेव्हा पहिल्या काही मिनिटांत येते. म्हणून डाय दिल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात. लोक ‘लोकल चुकेल’ म्हणून उठून जायला बघतात.

वहिनींचं पटकन सांगतो. सीटीच्या खोलीच्या भिंती आणि दार किरण अडवतील असेच बांधावे लागतात, त्याशिवाय अणुऊर्जा नियामक मंडळ परवाना देत नाही. दारावर लाल दिवा लागलेला असताना आत जायचं नाही, बाकी बाहेर बसायला काही हरकत नाही. आईला सीटीनंतर जवळ घेतलं, तिच्या ताटात जेवलं तरी काही होत नाही. मशीन बंद झालं की किरण संपले, ते अंगात राहत नाहीत. बोन स्कॅन, पेट स्कॅन यांचं वेगळं आहे, कारण तिथे किरणोत्सारी औषध शिरेतून देतात आणि ते काही तास अंगात असतं. बोन स्कॅनमध्ये वापरतात त्या टेक्नेशियमची ताकद सहा तासांत निम्मी होते. त्या दिवशी गरोदर बाईने आणि तान्ह्या मुलांनी लांब राहावं.

एमआरआयला ‘सुरक्षित’ म्हणतात त्यावर एक जरा रागाने लिहितो. त्यात क्ष-किरण नाहीत हे खरं. पण त्याचं चुंबक चोवीस तास चालू असतं, रविवारीही, दिवे गेले तरीही. २०१४ मध्ये नवी मुंबईत एका ठिकाणी ऑक्सिजन सिलिंडरसह दोन कर्मचारी मशीनला चिकटले आणि सुमारे चार तास अडकून पडले. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात सिलिंडर घेऊन आत गेलेल्या नातेवाइकाचा जीव गेला. चुंबक बंद आहे असं त्याला सांगितलं गेलं होतं. माझ्याकडे हा धोका बहुधा साडीच्या पिनेच्या रूपाने येतो. मावशी सगळे दागिने काढून देतात, मंगळसूत्रावर थोडी हुज्जत होते, तेही सुनेच्या हातात जातं, आणि निऱ्यांत खोचलेली सेफ्टी पिन कुणाच्याच लक्षात राहत नाही. म्हणून आमच्याकडे साडी बदलून गाऊन घालायला लावतात. त्यावरून कितीही बोलणी खावी लागली तरी मी ते सोडत नाही. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं यंत्र, कारखान्यात डोळ्यात उडालेला लोखंडाचा कण, हे न विचारता कुणी एमआरआयला आत घेत असेल तर तिथून परत फिरा.

आता पॅकेज. घोडबंदर रोडला राहणारे एक गृहस्थ, वय ४४, रोज चालणारे, कसलीही तक्रार नाही. बायकोने वाढदिवसाला फुल बॉडी एमआरआय भेट दिला. रिपोर्ट मीच लिहिला. थायरॉइडला नऊ मिलिमीटरची गाठ, उजव्या किडनीला पाण्याची गाठ, कमरेच्या दोन मणक्यांमधल्या चकत्या किंचित बाहेर. खाली इंग्रजीत नेहमीचं वाक्य, लक्षणांशी ताडून पाहावं. हे वाक्य आम्ही पेशंटसाठी कमी आणि स्वतःच्या बचावासाठी जास्त लिहितो, हे कबूल करतो. त्या माणसाला ताडून पाहायला लक्षणच नव्हतं. पुढचे तीन महिने गळ्यात सुई, दोनदा सोनोग्राफी, कमरेला पट्टा. ज्याची कंबर कधी दुखली नव्हती तो वाकायला घाबरू लागला. शेवटी निघालं काही नाही. असल्या ‘बाहेर आलेल्या’ चकत्या कुठलंही दुखणं नसलेल्या विशीतल्या तीस टक्के लोकांमध्ये सापडतात, ऐंशीच्या वयात ८४ टक्क्यांमध्ये. केस पिकण्यासारखंच ते.

दक्षिण कोरियात हे देशाच्या पातळीवर झालं. निरोगी माणसांच्या गळ्याची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली आणि थायरॉइड कॅन्सरच्या नोंदी १९९३ च्या तुलनेत २०११ मध्ये पंधरा पट झाल्या. मृत्यूंचं प्रमाण होतं तिथेच राहिलं. हजारो लोकांच्या थायरॉइड ग्रंथी काढल्या गेल्या, आयुष्यभराची गोळी मागे लागली, आणि त्यातल्या कित्येकांना ती गाठ कधी जाणवलीही नसती. निरोगी माणसाची काही तपासणी खरोखर उपयोगाची आहे, ठरावीक वयातल्या बायकांची मॅमोग्राफी किंवा वर्षानुवर्षं भरपूर सिगरेट ओढलेल्यांचा कमी डोसचा छातीचा सीटी. पण त्यात कुणाची, कुठल्या वयात, किती वर्षांनी हे ठरलेलं असतं. ‘डोक्यापासून पायापर्यंत, या रविवारपर्यंत चाळीस टक्के सूट’ अशी ती नसते.

तर उद्या सकाळी सेंटरला फोन करा आणि एवढंच विचारा की केयूबी कमी डोसमध्ये काढता का. ‘हो, लो-डोस प्रोटोकॉल आहे’ असं पटकन उत्तर आलं तर ठीक. ‘म्हणजे काय?’ असं आलं तर दुसरं सेंटर पाहा, ठाण्यात सेंटरांना तोटा नाही. युरॉलॉजिस्टने मनाई केली नसेल तर जाण्याआधी तासभर पाणी पिऊन मूत्राशय भरलेलं ठेवा, म्हणजे अगदी खालच्या तोंडाशी असलेला खडा नीट कळतो. सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि चिठ्ठी मूळ स्वरूपात द्या, व्हॉट्सॲपवरचा तिरका फोटो नको.

आणि ती २०२१ ची सीडी सोबत न्या. पोटाच्या सीटीत फुप्फुसांचा तळाचा भाग आपोआप येतो. काही वर्षांपूर्वी ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका असेच खड्यासाठी आले होते. तळाला बारा मिलिमीटरची गाठ दिसली. बायोप्सीची बोलणी सुरू झाली, घरात रडारड. मी विचारलं, छातीचा जुना काही फोटो आहे का? काकूंना आठवलं. दुसऱ्या दिवशी साडीच्या दुकानाच्या पिशवीत गुंडाळलेली, गादीखाली ठेवून कडा मुडपलेली एक फिल्म आली, नोकरीतल्या मेडिकलची, अकरा वर्षांपूर्वीची. व्ह्यू बॉक्सवर लावली. गाठ तिथेच होती, तेवढीच, जुन्या टीबीचा व्रण. काकांची बायोप्सी झाली नाही, खडा मात्र काढावा लागला.